वॉचमनची टॉर्च रात्रभर पुरेल का? नेरूळमधल्या (नवी मुंबई) कामाच्या नोंदी

३१ मे

काम थोडक्यात असं. आमच्या सोसायटीत रात्रपाळीच्या वॉचमनकाकांना एक टॉर्च द्यायची आहे, जी सलग सहा तास कामापुरता उजेड देईल. सहा तास अशासाठी, की गेल्या पावसाळ्यात केबल फॉल्ट झाला तेव्हा मध्यरात्री गेलेली वीज पार उजाडताना आली होती आणि त्या रात्री काका मोबाईलच्या उजेडावर फिरले.

‘कामापुरता उजेड’ म्हणजे किती, हे आधीच ठरवलं. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून वरून टॉर्च मारली, तर आतला पातळीचा लाल पट्टा दिसला पाहिजे. सेक्रेटरींना लुमेन (उजेडाचं एकक) सांगून उपयोग नाही, लाल पट्टा मात्र त्यांना लगेच कळतो.

हाताशी असलेला माल: सोसायटीची जुनी प्लगवाली टॉर्च, आत ४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी. स्टेशनबाहेरून साडेतीनशे रुपयांना आणलेली झूमची ॲल्युमिनियम टॉर्च, आत १८६५० मापाचा, परत भरता येणारा लिथियम सेल. आणि माझी स्वतःची ट्रेकची छोटी टॉर्च, एका एए सेलवर चालणारी. सोबत पिवळा साधा मल्टिमीटर आणि आईचा स्वयंपाकघरातला वजनकाटा.

१ जून

झूमच्या टॉर्चमधल्या सेलवर ९,८०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता) छापलंय. मागची टोपी काढली, मीटर १० अँपिअरच्या खोबणीत लावला, एक टोक सेलच्या तळाला आणि दुसरं नळीच्या कडेला. फुल मोडवर ०.८१ अँपिअर. भागाकार केला: ९,८०० भागिले ८१० म्हणजे बारा तास. सेक्रेटरींना तसं सांगूनही टाकलं. हे दोन्ही आकडे चुकीचे निघाले, पुढे वाचा.

संध्याकाळी सेल काट्यावर ठेवला. ३१ ग्रॅम. नावाजलेल्या कंपन्यांचा १८६५० सेल ४५ ते ४८ ग्रॅमच्या आसपास भरतो. १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर उंचीच्या डब्यात मावणाऱ्या मालाला मर्यादा आहे, चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजार एमएएचच्या आसपास थांबते. त्यामुळे ९,८०० हा आकडा वजन न करताच टाकून द्यायला हवा होता. ज्यांना मोजमापाची कटकट नको त्यांनी निदान एवढं करावं: सेल हातात घ्या, हलका लागला तर परत द्या.

४ जून

क्षमता मोजणारा चार्जर ऑनलाइन मागवला होता, तो आला. १,५५० रुपये. हा खर्च टाळता येण्यासारखा आहे (ठरावीक रोधावर सेल रिकामा करत दर दहा मिनिटांनी व्होल्टेज लिहीत बसलं तरी क्षमता निघते), पण मला बारा सेल तपासायचे होते. सोसायटीत बातमी पसरली तसे लोक आपापले सेल आणून देऊ लागले.

टॉर्चमधला सेल ४.२ व्होल्टपर्यंत पूर्ण भरला, मग अर्ध्या अँपिअरने २.८ व्होल्टपर्यंत उतरवला. निघाले १,१२० एमएएच. छापलेल्या आकड्याच्या नवव्या हिश्शापेक्षा थोडं जास्त.

लोकांच्या सेलपैकी जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले दोन चांगले निघाले, १,९०० च्या वर. ज्यांच्यावर पाच हजारांपुढचा आकडा छापला होता त्यातला एकही दीड हजारावर गेला नाही. माझ्यापुरता नियम झाला: छापील आकडा जितका मोठा, तितका आतला माल कमी.

७ जून

आता करंटचा घोळ. १,१२० भागिले ८१० म्हणजे सुमारे १ तास २३ मिनिटं यायला हवीत. पण मीटर काढून टोपी लावली की उजेड डोळ्यांना कळेल इतका वाढत होता. म्हणजे मीटर मध्ये आला की करंट कमी होतोय.

कारण साधं आहे. या टॉर्चमध्ये सर्किट असं काही नाहीच, सेल जवळपास थेट एलईडीला जोडलाय. सेल ४.१ व्होल्टवर, एलईडी ३.१ ते ३.३ व्होल्ट खाणार, मध्ये उरला एक व्होल्टही नाही. मीटरच्या बारीक वायरी, पिना आणि आतली पट्टी मिळून पाव-अर्धा ओहम झाला, की त्या उरलेल्या व्होल्टेजचा मोठा भाग तिथेच संपतो. २३० व्होल्टच्या पंख्यात पाव ओहम गेला तर काही बिघडत नाही, इथे मात्र तिसरा हिस्सा जातो.

उपाय: ०.१ ओहम, ५ वॉटचा सिमेंटचा रेझिस्टर. दुकानात बारा रुपये. त्याला जाड तांब्याची वायर डाग देऊन जोडली, सेल आणि नळीच्या मध्ये बसवला आणि मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून रेझिस्टरच्या दोन टोकांवर लावला. १०५ मिलिव्होल्ट आले, म्हणजे १.०५ अँपिअर. मिलिव्होल्टला दहाने गुणलं की मिलिअँपिअर, तोंडी हिशेब.

१,१२० भागिले १,०५०. एक तास आणि चार मिनिटं. आठवड्यापूर्वी सांगितलेले बारा तास ते हे.

८ जून

रविवार. मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, बंद, हार्बर लोकलला मेगाब्लॉक. म्हणून घरीच उजेडाची मोजणी लावली.

बाथरूमला खिडकी नाही, ते बरं पडलं. टॉर्च बादलीत उभी, तोंड छताकडे. जुना मोबाईल शेल्फवर, त्यात लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) मोजायचं ॲप. छतावर आपटून खोलीभर पसरलेला उजेड मोजला की झोत नेमका कुठे पडतो याची फिकीर राहत नाही. आकडा खरा किती याला महत्त्व नाही, सुरुवातीच्या किती टक्के उरला एवढंच हवं. मीटर आणि तो मोबाईल शेजारी शेजारी ठेवले आणि दुसऱ्या मोबाईलने दर पाच मिनिटांनी दोघांचा एकत्र फोटो. राखण करत बसावं लागत नाही.

एक सूचना: झूमचं डोकं चिकटपट्टीने पक्कं करा. माझं मध्येच सरकलं आणि अख्खी फेरी वाया गेली. दुसरी सूचना घरातल्यांना आंघोळीच्या वेळा विचारून घ्या, अशी आहे.

मूळ सेलवर निकाल: अर्धा उजेड ४० मिनिटांत, दहावा हिस्सा १ तास ४० मिनिटांत. हिशेबाने आलेला १ तास ४ मिनिटं हा आकडा दोन्हीच्या मध्ये पडला, कारण सेल उतरला की करंटही उतरतो, टॉर्च मंद होते आणि मंद झाली म्हणून जास्त वेळ चालते. थेट जोडलेल्या टॉर्चला ‘किती तास’ असा एक आकडा नसतोच. किती उजेड उरला की संपली म्हणायचं, ते आधी सांगावं लागतं.

अमेरिकेच्या एफएल-१ या मानकात (पहिली आवृत्ती २००९) टॉर्चचा वेळ मोजतात तो, सुरू केल्यावर ३० सेकंदांनी जेवढा उजेड होता त्याच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. चांगल्या कंपन्यांच्या खोक्यावरचे तास या हिशेबाचे असतात. खोटे नाहीत, पण त्यातला बराचसा काळ टॉर्च मिणमिणती असू शकते. खोक्यावर आलेख छापला असेल तर तास सोडून आलेख बघा.

११ जून

लेड-ॲसिडवाली टॉर्च. बॅटरीवर ४ व्होल्ट, ०.९ एएच (अँपिअर-तास, म्हणजे ९०० एमएएच). करंट ०.४५ अँपिअर. भागाकार दोन तास सांगतो, टॉर्च ४८ मिनिटांत झोपली.

लेड-ॲसिडची क्षमता बहुतेक वेळा २० तासांत सावकाश रिकामी करण्याच्या हिशेबाने छापतात. म्हणजे ०.९ एएच हे ४५ मिलिअँपिअरला खरं. आपण दहापट ओढतोय, तर साठेक टक्केच हाती लागतं. वर ही बॅटरी उन्हाळाभर रिकामी पडून होती आणि लेड-ॲसिड रिकामी ठेवली की आतून सल्फेट धरून बसते. नवी आणून बघितली, १ तास १० मिनिटं. हा नाद इथेच सोडला.

१४ जून

लॅमिंग्टन रोडहून दोन चांगले सेल, नावाजलेल्या कंपनीचे, ३,००० एमएएचचे. प्रत्येकी चारशे रुपये. वजन ४७ ग्रॅम. चार्जरवर मोजले तर २,८७० आणि २,८९०. आकडा थोडा कमी येणारच, कंपनी २.५ व्होल्टपर्यंत उतरवून मोजते, मी २.८ ला थांबतो.

पुढचे सगळे हिशेब २,८७० वर.

नवा सेल त्याच झूमच्या टॉर्चमध्ये घातला. सुरुवातीला १.२४ अँपिअर, सेलचा आतला रोध कमी म्हणून आधीपेक्षा जास्त. भागाकार: २ तास १९ मिनिटं. बाथरूममधली मोजणी अशी आली:

सुरुवातीला १.२४ अँपिअर, उजेड १०० टक्के. एक तासाने ०.९२ आणि ७७. दोन तासांनी ०.६८ आणि ५८. तीन तासांनी ०.४२ आणि ३७. ३ तास ५० मिनिटांनी ०.२० आणि १८. दहा टक्क्यांवर पोचायला ४ तास २५ मिनिटं.

दर टप्प्याची सरासरी करंट गुणिले वेळ अशी बेरीज केली तर २,७८० एमएएचच्या आसपास येते. म्हणजे मोजणी आणि सेल जुळले. हिशेब जुळल्याचा आनंद मला टॉर्चपेक्षा जास्त झाला, हे घरी बोललो नाही.

लक्षात घ्या, उजेड करंटइतक्या वेगाने कमी होत नाही. करंट ५५ टक्के झाला तेव्हा उजेड ५८ होता. एलईडी कमी करंटला थोडी जास्त किफायतशीर चालते.

१५ जून

रात्री टाकीवर चाचणी. काकांना टॉर्च दिली, झाकण उघडलं. पाणी बरंच खाली होतं. मी सेल उतरवत उतरवत, लक्स बघत, ‘दिसतो का पट्टा?’ विचारत होतो.

पन्नास टक्क्यांना ‘दिसतो की.’ तीस टक्क्यांना ‘दिसतो.’ वीसच्या आसपास काकांनी टॉर्च तळहातावर दोनदा आपटली, पुन्हा आत मारली आणि म्हणाले, ‘दादा, ही बॅटरी आता मेली.’ तोपर्यंत अर्ध्याहून जास्त उजेड गेला होता त्याची त्यांनी दखलही घेतली नव्हती. हळूहळू कमी होणारा उजेड डोळ्याला कळत नाही, त्यामुळे ‘अजून तशीच चालतेय’ या वापरणाऱ्याच्या सांगण्यावर वेळ मोजू नका.

म्हणजे या टॉर्चच्या पूर्ण उजेडाच्या २० टक्के ही खालची हद्द. ३० टक्के सतत मिळाला तर काम चोख. मग सुरुवातीला शंभर टक्के कशाला जाळायचा? सेलची निम्म्याहून जास्त ताकद पहिल्या दोन तासांत, गरज नसलेल्या उजेडात जातेय.

१८ जून

म्हणून ड्रायव्हर, म्हणजे एलईडीचा करंट सांभाळणारं सर्किट, बसवायचा. ७१३५ नावाची छोटी चिप मिळते, एक चिप साधारण ३५० मिलिअँपिअरवर करंट बांधून ठेवते. चार चिप्सचा गोल बोर्ड १२० रुपये. मोडवाला न घेता साधा चालू-बंदचा घेतला, कारण फ्लॅशिंग मोड चुकून लागला की काका वैतागतात.

या चिपची गोष्ट हिशेबाला सोपी आहे. सेलमधून जितका करंट निघतो तितकाच एलईडीला जातो, जादा व्होल्टेज चिप उष्णतेत घालवते. त्यामुळे एमएएच भागिले मिलिअँपिअर हा शाळकरी भागाकार इथे खरा ठरतो. फक्त शेवटचा थोडा भाग सोडायचा, कारण सेल साधारण ३.१ व्होल्टच्या खाली गेला की चिपला करंट धरून ठेवायला जागा उरत नाही. मी सात टक्के सोडतो.

दोन चिप्स ठेवल्या तर ७०० मिलिअँपिअर: २,८७० गुणिले ०.९३, भागिले ७००, म्हणजे ३.८ तास. पुरत नाही. एक चिप, ३५०: ७.६ तास. उजेड पूर्णच्या ३२ टक्क्यांच्या आसपास बसायला हवा. टाकीच्या हद्दीच्या वर.

तीन चिप्स डाग वितळवून काढल्या.

२१ जून

ड्रायव्हर बसवण्यात शनिवार गेला. बोर्ड १७ मिलिमीटर, टॉर्चची पितळी वाटी त्याहून किंचित लहान. कानशीने कड घासली, पण घासताना बोर्डच्या कडेचा तांब्याचा कडा निघणार नाही हे बघावं लागतं, सेलचं उणं टोक तिथूनच जोडलेलं असतं. बसवला, लागला, आणि टॉर्च हलवली की लुकलुकायला लागला.

कड वाटीला नीट टेकत नव्हती. डाग द्यायला गेलो तर २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने पितळ तापेना, कथील गोळी होऊन नुसतं घरंगळायचं. पितळ सगळी उष्णता ओढून घेतं. खालच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून ६० वॉटचं आयर्न आणलं, वाटी पॉलिश पेपरने घासली, फ्लक्स (डाग नीट धरावा म्हणून लावतात तो) लावला. दोन ठिकाणी डाग बसले ते चकचकीत. लुकलुकणं बंद.

करंट मोजला, ३४५ मिलिअँपिअर. सेल ४.१ ला असो वा ३.५ ला, आकडा तोच.

२२ जून

पूर्ण फेरी, पहाटे पाचला सुरू. उजेड जुन्या पूर्णच्या ३३ टक्के. ७ तास २५ मिनिटं रेघेसारखा सरळ, मग घसरण, अर्ध्यावर ७ तास ५० मिनिटांना. हिशेब ७.७ तासांचा होता.

सेल म्हातारा होणार हेही धरलं. लिथियम सेलची क्षमता काही शे वेळा भरल्यावर मूळच्या ८० टक्क्यांवर येते असं मानतात. २,८७० चे २,३०० झाले तरी ६.२ तास. सहा तासांची अट काठावर पास. नवा सेल बघून हिशेब करणाऱ्यांनी हा वीस टक्क्यांचा कट सुरुवातीलाच मारावा.

२४ जून

माझ्या ट्रेकच्या टॉर्चचंही बघून घेतलं. एए, निकेल मेटल हायड्राइड, मोजलेली क्षमता १,९०० एमएएच. एलईडीला सुमारे १०० मिलिअँपिअर जातो हे धरून मित्राने १९ तास काढले होते. हा सापळा आहे. एलईडीला तीनेक व्होल्ट लागतात, सेल १.२ व्होल्टचा, मध्ये व्होल्टेज चढवणारा ड्रायव्हर. अशा वेळी एमएएच सोडून वॉट-तास धरायचे. १.९ गुणिले १.२ म्हणजे २.२८ वॉट-तास. सेलच्या बाजूने मोजलं तर १.२५ व्होल्ट आणि ०.३१ अँपिअर, म्हणजे ०.३९ वॉट. उत्तर ५ तास ५० मिनिटं, प्रत्यक्षात ५ तास ३५. सेलच्या बाजूने मोजलं की ड्रायव्हरची नासाडी त्यातच येते, वेगळी धरावी लागत नाही.

असा ड्रायव्हर सेल उतरताना जास्त करंट ओढतो, उजेड शेवटपर्यंत सारखा आणि मग एकदम काळोख. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर हे कळण्यापेक्षा बाथरूममध्ये कळलेलं बरं. जादा सेल खिशात ठेवा.

पॉवर बँकचंही हेच. १०,००० एमएएच हा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आकडा, म्हणजे ३७ वॉट-तास. बाहेर ५ व्होल्टला सहा हजारांच्या आसपास मिळतात. यूएसबीचे दिवे वापरणाऱ्यांनी त्यावर हिशेब करावा.

२८ जून

टॉर्च काकांच्या ताब्यात. सोसायटीला लागलेला खर्च: टॉर्च ३५०, दोन सेल ८००, बोर्ड १२०, रेझिस्टर १२, चार्जिंगचा टीपी४०५६ बोर्ड आणि सेलचा होल्डर मिळून ९०. एकूण १,३७२ रुपये. चार्जर माझा.

पहिल्या रात्री काकांची तक्रार आली, ‘आधीची जास्त फाकत होती.’ बरोबर आहे. दोन्ही शेजारी शेजारी लावल्या तर नवी फिकी दिसते. पहाटे चारला पुन्हा विचारा म्हटलं. त्यांनी विचारलं नाही, मीही नाही.

चार्जिंगची व्यवस्था अशी लावली. टीपी४०५६ एक अँपिअरने भरतो, पण ४.२ व्होल्टला पोचल्यावर करंट हळूहळू उतरतो, म्हणून २,८७० चा सेल तीन तासांत न भरता चारेक तास घेतो. सकाळी आठला दिवसपाळीचे वॉचमन सेल लावतात आणि बारापर्यंत काढतात, माणूस केबिनमध्ये असताना. रात्री, कोणी नसताना लिथियम चार्जिंगला लावायचा नाही, हे केबिनमध्ये लिहून चिकटवलंय. दुसरा सेल भरलेला ड्रॉवरमध्ये, प्लॅस्टिकच्या डबीत, किल्ल्यांपासून लांब.

जुने हलके सेल आणि लेड-ॲसिड ई-कचऱ्यासाठी बाजूला काढलेत. सेक्रेटरींनी आता जिन्यातले इमर्जन्सी दिवे दाखवलेत: ६ व्होल्ट, ४.५ एएच, लेड-ॲसिड. छापील क्षमता २० तासांची धरली तर ती २२५ मिलिअँपिअरला. दिवा किती ओढतो ते रेझिस्टर लावून पुढच्या शनिवारी मोजतो, तोवर तासांचा आकडा कोणालाही सांगणार नाही.